जीएफओ: अर्ध्या मात्रेने सुरुवात करा

खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये फॉस्फेट ०.३ पीपीएम (दर लिटरला मिलीग्रॅम) दिसलं की हात पहिल्यांदा जातो तो मीडियाच्या, म्हणजे फॉस्फेट ओढून घेणाऱ्या दाण्यांच्या डब्याकडे. पाकिटावरची पूर्ण मात्रा रिॲक्टरमध्ये, म्हणजे पंपाचं पाणी दाण्यांतून फिरवणाऱ्या भांड्यात पडते, चार दिवसांत आकडा शून्यावर येतो आणि आठवड्याभरात ॲक्रोपोरा या नाजूक कोरलची टोकं पांढरी पडायला लागतात. महिनोन् महिने वाढलेल्या फॉस्फेटमध्ये जी कोरल तग धरून असतात, ती असा एकदम झालेला उतार सोसत नाहीत. म्हणून मीडिया कोणता घ्यायचा यापेक्षा तो किती आणि किती वेगाने काम करतो, याकडे जास्त लक्ष द्यायला हवं.

जीएफओ हा असाच एक मीडिया, म्हणजे लोहाच्या ऑक्साइडचे तपकिरी दाणे. फॉस्फेट त्यांच्या पृष्ठभागावर चिकटतं. सिलिकेटही चिकटतं, हे बरेचजण विसरतात. टॉप-अपच्या, म्हणजे बाष्पीभवनाची घट भरून काढायच्या पाण्यातून सिलिकेट येत असेल, तर दाण्यांची बरीचशी जागा तेच अडवतं आणि मीडिया अपेक्षेपेक्षा लवकर संपतो. अशा वेळी मीडियाला नावं ठेवण्याआधी आरओ-डीआय या पाणी शुद्ध करणाऱ्या फिल्टरमधून येणाऱ्या पाण्याचं टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचा आकडा) पाहावं आणि डीआय रेझिन बदलून बघावं.

मात्रेचा ढोबळ हिशेब असा: साध्या जीएफओची पूर्ण मात्रा एका लिटर पाण्याला साधारण १ मिली, म्हणजे १५ मिलीचा एक मोठा चमचा १५ लिटरला. जास्त क्षमतेचा प्रकार असेल तर याच्या निम्मी. सुरुवात मात्र त्या त्या प्रकाराच्या पूर्ण मात्रेच्या अर्ध्याने करावी. पाणी मोजताना दगड, वाळू वजा करून संप, म्हणजे टँकला जोडलेली फिल्टरची खालची टाकी, धरायचा. टँक आणि संप मिळून प्रत्यक्ष २०० लिटर पाणी असेल, तर पहिल्या खेपेला साधा जीएफओ १०० मिली पुरे.

दाणे आधी धुवायचे. ओतताना, हलवताना त्यांचा भुगा होतो आणि तो थेट टँकमध्ये गेला तर पाणी गंजलेल्या नळासारखं लाल होतं. रिॲक्टर भरून जोडावा, पंप आरओच्या पाण्याच्या बादलीत ठेवावा आणि बाहेर येणारं पाणी दुसऱ्या बादलीत सोडावं. ते स्वच्छ दिसेपर्यंत नळी संपमध्ये टाकायची नाही. दाणे चाळणीत घेऊन हाताने चोळू नका, त्याने भुगा वाढतोच.

प्रवाह खालून वर हवा, दोन्ही टोकांना स्पंज. व्हॉल्व्ह रिॲक्टरच्या आधी लावला तर भांड्यावर दाब येत नाही आणि झाकणाच्या रिंगमधून गळती व्हायची शक्यता कमी होते. मग व्हॉल्व्ह हळूहळू उघडत दाण्यांचा वरचा थर बघत राहायचं. दूध तापताना वरची साय थरथरते, तेवढीच हालचाल पाहिजे. दाणे उसळत असतील तर ते एकमेकांवर घासून पीठ होतात. अगदी स्तब्ध असतील तर पाणी एकच वाट शोधून त्यातून निघून जातं आणि बाकीचा थर जमून वीट होते. कार्बन आणि जीएफओ एकाच भांड्यात मिसळणं टाळावं. कार्बन हलका, जीएफओ जड, त्यामुळे दोघांना एकच प्रवाह मानवत नाही.

वीट होण्याचं दुसरं कारण कॅल्शियम कार्बोनेट. काल्कवासरची, म्हणजे टँकमध्ये सोडायच्या चुन्याच्या निवळीची नळी रिॲक्टरच्या पंपाजवळ पडत असेल, तर तिथे पीएच चढलेला असतो आणि चुन्याचा थर थेट दाण्यांवर बसतो. ती नळी दूर न्या. नवा जीएफओ टाकल्यावर अल्कलिनिटीही (पाण्याची आम्ल झेलून पीएच स्थिर ठेवण्याची ताकद) थोडी उतरू शकते, म्हणून पहिला आठवडा ती रोज मोजलेली बरी.

आता मोजण्याबद्दल. हाताच्या कलरीमीटरवर, म्हणजे पाण्याच्या रंगावरून फॉस्फेट मोजणाऱ्या मीटरवर, ०.०३ आणि ०.०५ यांतला फरक मनावर घेऊ नये. अति-कमी पातळीच्या चांगल्या मीटरचीसुद्धा चूक ±०.०२ पीपीएमच्या घरात असते. काचेच्या कुपीवरचा बोटाचा ठसा, आत अडकलेला बुडबुडा, न विरघळलेली पावडर, सगळं आकडा वर नेतं. मीटर फॉस्फरस पीपीबीमध्ये (पीपीएमचा हजारावा भाग) दाखवत असेल तर त्याला ३.०६६ ने गुणून १००० ने भागा: १० पीपीबी म्हणजे ०.०३१ पीपीएम फॉस्फेट. मिश्र रीफ टँकला, म्हणजे वेगवेगळ्या प्रकारची कोरल एकत्र असलेल्या टँकला, ०.०३ ते ०.१ ही सोयीची पट्टी. शून्याचा नाद नको.

मीडिया कधी बदलायचा? 'दर महिन्याला' हे उत्तर फारसं कामाचं नाही. एक नमुना टँकमधून घ्या, दुसरा रिॲक्टरच्या बाहेर पडणाऱ्या नळीतून. टँकमध्ये ०.१२ आणि नळीत ०.०२ असेल तर मीडिया जोमात आहे. नळीतही ०.१० यायला लागलं की संपला. बदलतानाही पूर्ण भरणीचा मोह आवरा, कारण नवे दाणे पहिल्या दोन-तीन दिवसांतच सगळ्यात जास्त ओढतात.

आकडा खाली आला आणि चार दिवसांनी पुन्हा वर गेला, तर मीडिया बोगस नाही. जुने दगड आणि वाळू फॉस्फेट धरून ठेवतात आणि पाण्यातलं कमी झालं की परत सोडतात. ०.३ पीपीएमच्या २०० लिटर पाण्यात जेमतेम ६० मिलीग्रॅम फॉस्फेट असतं, दगडांतला साठा त्याच्या कितीतरी पट असू शकतो. असा टँक ताळ्यावर यायला महिने लागतात.

उलट बाजूला, आकडा ०.०० वर अडकला, युफिलिया ही मांसल कोरल फुगेनाशी झाली, वाळूवर बुडबुडे धरलेली तपकिरी शेंबडी जाळी दिसायला लागली, तर ते बहुधा डायनो (डायनोफ्लॅजेलेट हे सूक्ष्मजीव) आहेत. मीडिया त्याच दिवशी काढा आणि खाणं वाढवा.

ॲल्युमिनियमवर आधारलेले पांढरे मणी रिॲक्टरशिवाय, पिशवीतही चालतात. पिशवी फिल्टर सॉकच्या (कचरा गाळणाऱ्या कापडी पिशवीच्या) नंतर, पाण्याच्या जोरात ठेवायची आणि मधूनमधून हलवायची. लेदर कोरल (चामड्यासारखी मऊ कोरल) काही वेळा यांच्यावर रुसतात, अंग चोरून बसतात. हे मणी कॉस्टिक सोड्याने धुऊन पुन्हा वापरता येतात खरे, पण त्या द्रावणाने त्वचा आणि डोळे जळतात. घरी या वाटेला न गेलेलं बरं.

पंप बंद पडून रिॲक्टर दिवसभर तसाच राहिला, तर आतला ऑक्सिजन संपलेला असतो. तो तसाच चालू करू नका. बाहेरची नळी आधी बादलीत धरा आणि वास घ्या. सडक्या अंड्यासारखा वास आला तर तो मीडिया फेकून द्या, आतलं पाणी टँकमध्ये जाऊ देऊ नका.