आठ आणे की बारा आणे

मंगळवार, रात्री

आज सरांना सांगितलं. पुढच्या महिन्यापासून त्यांच्या वकिलीच्या चेंबरला येणार नाही.

गेले तीन आठवडे रोज सकाळी ठरवत होते आणि रोज बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या दाव्यांची यादी, संपेपर्यंत गप्प राहत होते. आज दुपारी पक्षकार निघून गेले, शिपाई कपाटं लावत होता, तेव्हा बोलले. सर थोडा वेळ समोरच्या फाइलवरची नाडी गुंडाळत राहिले. मग म्हणाले, "उद्या तिसऱ्या कोर्टातली जबाबाची तारीख आहे, ती तूच बघशील ना?" मी हो म्हटलं. एवढंच. नंतर जिन्यात मात्र त्यांनी मागून हाक मारली. "सनद परत करू नकोस गं. बाकी काय हवं ते कर."

सनदेचं, म्हणजे वकिलीच्या परवान्याचं, त्यांच्या मनात आलं, कारण मागच्या वर्षी मी बँकेच्या विधी अधिकारी पदाचा विचार करत होते. पूर्ण वेळ पगारी नोकरी धरली की वकिली करता येत नाही, बार कौन्सिलचा नियम ४९ तसा आहे. सनद तेवढ्या काळापुरती स्थगित ठेवावी लागते. तेव्हा माझा पाय त्यावरच अडला होता. जी सनद वापरून मी सात वर्षं मुख्यतः मुदतीचे अर्ज दिले, तीच सोडवत नव्हती.

हे सात वर्षांचं काय झालं, ते आज लिहूनच काढते. पहिली दोन वर्षं शिकण्याची होती, ती मनापासून आवडली. रोजनामा, म्हणजे दाव्याच्या तारखांची कोर्टातली नोंद, कसा वाचायचा, पुरशिस, म्हणजे कोर्टाला लेखी निवेदन, कधी द्यायची, कैफियतीत, म्हणजे प्रतिवादीच्या लेखी उत्तरात, काय नाकारायचं आणि काय मोघम ठेवायचं, हे कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. तिसऱ्या वर्षापासून दिवस एकसारखे झाले. पुकारा झाला की उठायचं, "सर दुसऱ्या कोर्टात आहेत, पासओव्हर मिळावा", म्हणजे दावा थोड्या वेळानं घ्यावा, असं म्हणायचं, पुढची तारीख डायरीत लिहायची. माझ्या एकटीच्या वकालतनाम्यावरचे दावे आजही अकरा आहेत, त्यातले चार नात्यातले.

पैशांचंही लिहायला हवं, कारण त्यावर आम्ही ज्युनियर आपसातसुद्धा बोलत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियानं ज्युनियरला शहरात किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावं असं परिपत्रक काढलं. ती शिफारस आहे, सक्ती नाही. बार रूममध्ये त्या दिवशी सगळ्यांनी ते फोनवर वाचलं आणि कुणीच मोठ्यानं काही बोललं नाही. मला ती शांतता अजून आठवते.

न्यायाधीश पदाची परीक्षा दोनदा दिली. एकदा पूर्वपरीक्षेत, एकदा मुख्य परीक्षेत गेली. दुसऱ्या वेळी निकाल लागल्यावर मला वाईट वाटलं नाही, आणि त्याचीच जास्त भीती वाटली.

बुधवार

जबाबाची तारीख झाली. पुढची महिन्यानं.

शुक्रवार, पहाटे

झोप येत नाहीये, म्हणून मोडीचं, त्या जुन्या मराठी लिपीचं लिहिते. सुरुवात तिथूनच झाली.

नोव्हेंबर २०२३. कुणबी नोंदी शोधण्यासाठी सरकारनं निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली होती आणि तहसील कचेऱ्यांत जुनी दप्तरं उघडली जात होती. आमच्याकडे वर्षानुवर्षं येणारे एक आजोबा प्लॅस्टिकच्या पिशवीत झेरॉक्स घेऊन आले. गाव नमुना १४, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात. त्यांच्या आजोबांच्या जन्माची नोंद त्यात असावी अशी त्यांना आशा होती. "वकीलताई, एवढं वाचून सांगा." मी कागद हातात घेतला. माझ्याच भाषेतला कागद, आणि मला त्यातलं एक अक्षर लागेना. आजोबा माझ्या तोंडाकडे बघत होते. मी म्हटलं, "हे मोडीत आहे, जाणकाराकडे द्यावं लागेल." ते काही बोलले नाहीत, पिशवीची गाठ पुन्हा मारली आणि गेले.

पुढे पुराभिलेख संचालनालयाचा मोडीचा वर्ग केला. आधी ओळभर शिरोरेषा ओढायची, मग बोरू शक्य तितका न उचलता तिच्याखाली लिहीत जायचं. शब्दाशब्दांत जागा नाही, पूर्णविराम नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नाही. काना जोडला की कित्येकदा अक्षराचा चेहराच बदलतो. वर्गात मुळाक्षरं लवकर आली, पण खरा कागद वाचायला त्यानंतर दीड वर्ष गेलं. रोज रात्री जेवण झालं की एक पान. शकाचं इसवी सन काढायला ७८ मिळवायचे, वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत ७९. फसलीला, म्हणजे जुन्या महसुली सनाला, ५९० किंवा ५९१. दिवसभर कोर्टात पाय दुखेपर्यंत उभं राहून आल्यावरही त्या पानाला मी कधी कंटाळले नाही. हे माझ्या लक्षात यायला फार उशीर लागला.

मग वाटणीचा तो दावा. आमच्या पक्षकाराचा सगळा आधार शके १८३३ च्या, म्हणजे १९११ च्या सुमाराच्या मोडी वाटणीपत्रावर. दावा जुना, त्यामुळे त्याला १८७२ चा पुरावा कायदाच लागतो. कलम ९० म्हणतं की तीस वर्षांहून जुना दस्त योग्य ताब्यातून आला, तर त्यावरची सही आणि अक्षर ज्याचं म्हटलंय त्याचंच आहे असं कोर्ट गृहीत धरू शकतं. (नव्या साक्ष्य अधिनियमात हेच कलम ९२ आहे.) पण दस्त खरा मानला, तरी तो वाचायचा कुणी? समोरच्यांनी दाखल केलेल्या लिप्यंतरात आमच्या पक्षकाराच्या पणजोबांचा हिस्सा आठ आणे होता.

जुन्या कागदात हिस्सा आण्यांत असतो, सोळा आणे म्हणजे पूर्ण. चार आण्यांना एक उभी रेघ, आठाला दोन, बाराला तीन. मूळ कागदावर दोन रेघा स्वच्छ दिसत होत्या, आणि त्यांच्या शेजारी, बरोबर घडीवर, एक पुसट काळसर काहीतरी. शाईचा डाग म्हणावा तर सरळ. मी दोन रात्री त्या घडीवर घालवल्या. दुसऱ्या रात्री लक्षात आलं की लिहिणाऱ्यानं आकड्यानंतर तोच हिस्सा अक्षरीही लिहिलाय, फक्त शब्द दोन ओळींत तुटलाय. वरच्या ओळीच्या शेवटी 'पा', खालच्या ओळीच्या आरंभी 'ऊण'. लिप्यंतर करणाऱ्यानं वरचा 'पा' मागच्या शब्दाला चिकटवला होता आणि खालचं सोडून दिलं होतं. पाऊण तक्षीम, म्हणजे पाऊण हिस्सा. बारा आणे.

सरांना सकाळी दाखवलं. ते दोनदा वाचून म्हणाले, "बरोबर आहेस. पण हे तुला सांगता येणार नाही." वकालतनाम्यावर माझं नाव. ज्या दाव्यात वकील उभा आहे, त्यातच त्यानं साक्षीदार व्हायचं नसतं. म्हणून बाहेरून एक वयस्कर जाणकार बोलावले. मी त्यांना माझं वाचन सांगितलं नाही, सांगायचंही नव्हतं.

उलटतपास मी टेबलाशी बसून ऐकला. समोरच्या वकिलांनी विचारलं, "ही तिसरी रेघ नसून घडीचा डाग आहे, हे खरं आहे का?" जाणकारांनी खिशातून भिंग काढलं, मूळ कागद मागवला, आणि घडीकडे न बघता बोट सरळ पुढच्या ओळीवर नेलं. "साहेब, रेघेचं राहू द्या. इथे अक्षरी लिहिलंय." कोर्टानं स्वतः भिंग घेऊन पाहिलं. मला त्या क्षणी दावा जिंकण्याचं काही वाटलं नाही. मला त्या पिंजऱ्यात, त्या कागदासमोर उभं राहायचं होतं. इतकं स्पष्ट मला सात वर्षांत काही हवंसं वाटलं नव्हतं.

निकाल अजून लागलेला नाही.

रविवार

हिशेब मांडला. सहा महिने निभतील एवढी शिल्लक आहे. जमिनींचे सर्च रिपोर्ट, म्हणजे जुन्या नोंदी तपासून अहवाल देण्याचं काम, घेईन, कारण दुय्यम निबंधकांकडचा इंडेक्स आणि फेरफार हे मला डोळे मिटून कळतं, आणि त्यासोबत मोडीचं लिप्यंतर. माझे अकरा दावे माझ्याकडेच राहतील. ज्या दाव्यात कागद वाचीन, त्यात वकालतनामा घेणार नाही, हे पहिल्याच दिवसापासून पाळायचं.

आईला वाटतं मी वकिली सोडली. तिला समजावण्याचा आज पुन्हा प्रयत्न केला, जमलं नाही. ती म्हणाली, "मग लोकांना सांगू काय?" तिच्या जागी मीही हेच विचारलं असतं. तिनं माझ्या फीसाठी काय काय मोडलं ते मला माहीत आहे.

संध्याकाळी त्या आजोबांना फोन केला. नंबर जुन्या डायरीत सापडला. कागद अजून आहेत का विचारलं. आहेत म्हणाले, त्याच पिशवीत. नातवाकडून फोटो पाठवले. नोंद आहे. नाव लागलं, बापाचं नाव लागलं, तारीख लागली. जातीच्या रकान्यातलं पहिलं अक्षर मात्र लागत नाहीये. फोटोत तिथे बोटाची सावली पडलीय. मंगळवारी त्यांच्याकडे जाऊन त्यांच्या हातातला कागद उजेडात बघणार आहे, आणि तोवर त्यांना काहीच सांगायचं नाही.