केटामाइनच्या सोबतीने मानसोपचार : माझा अनुभव

ताई गेली त्या रात्री मी शेजारच्या खोलीत झोपले होते. तिला दम्याचा झटका आला, तो वाढत गेला, आणि सकाळी आई तिला उठवायला गेली तेव्हा सगळे संपले होते. मी तेव्हा 22 वर्षांची होते. दोन खोल्यांच्या मधली भिंत इतकी पातळ होती की एरवी तिचे पुस्तकाचे पान उलटणेही मला ऐकू यायचे. पण त्या रात्री मला काहीच ऐकू आले नाही. पुढची अकरा वर्षे मी नोकरी केली, माणसांत वावरले, वेळेवर जेवले आणि वेळेवर झोपले, पण ‘मी झोपले होते’ हे तीन शब्द माझ्या छातीवरून कधी उतरले नाहीत.

नैराश्याचे निदान झाले तेव्हा मला आश्चर्य वाटले नाही. दोन वेगवेगळ्या प्रकारची औषधे पुरेशा मात्रेत आणि पुरेसे आठवडे घेऊनही फरक पडला नाही, तेव्हा मनोविकारतज्ज्ञांनी माझ्या आजाराला ‘उपचारांना दाद न देणारे नैराश्य’ असे नाव दिले आणि पहिल्यांदा केटामाइनचा विषय काढला. मला ते भुलेचे औषध म्हणून ऐकून माहीत होते. डॉक्टरांनी शांतपणे सगळा इतिहास सांगितला. 1962 मध्ये कॅल्व्हिन स्टीव्हन्स या रसायनशास्त्रज्ञाने अमेरिकेतील पार्क-डेव्हिस या औषध कंपनीसाठी हे औषध तयार केले, 1970 मध्ये त्याला तेथे भुलेसाठी मान्यता मिळाली, आणि श्वास फारसा न दाबता भूल देते म्हणून ते जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आजही आहे. नैराश्यासाठी भुलेपेक्षा बऱ्याच कमी मात्रेत ते देऊन पाहणारा पहिला छोटा अभ्यास 2000 साली प्रसिद्ध झाला. 2006 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतील कार्लोस झराटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शरीराच्या दर किलो वजनामागे 0.5 मिलिग्रॅम केटामाइन 40 मिनिटांत शिरेतून दिले, तेव्हा इतर औषधांनी गुण न आलेल्या अनेक रुग्णांना एका दिवसाच्या आत उतार पडला. 2019 मध्ये एसकेटामाइन या त्याच्या भावंडाला नाकात मारण्याच्या फवाऱ्याच्या रूपात अमेरिकेत नैराश्यासाठी मान्यता मिळाली. मूळ केटामाइनची मान्यता मात्र भुलेपुरतीच आहे, आणि नैराश्यात ते डॉक्टर स्वतःच्या निर्णयाने, रुग्णाची संमती घेऊन वापरतात. हा शेवटचा मुद्दा त्यांनी दोनदा सांगितला, आणि तो दोनदा सांगितला म्हणूनच मी त्यांच्यावर विश्वास ठेवला.

तरीही मी पहिल्यांदा चूक केली. डॉक्टरांनी ज्या केंद्रात जायला सांगितले होते तिथे बरीच वाट पाहावी लागणार होती, आणि मला धीर धरवत नव्हता, म्हणून मी लवकर वेळ देणाऱ्या दुसऱ्या एका केंद्रात गेले. तिथे रक्तदाब तपासला, सही घेतली आणि सलाइन लावले. ताईविषयी कोणी विचारले नाही. मी का आले आहे हेही कोणी विचारले नाही. एकूण तीन डोस झाले. औषधाने त्याचे काम चोख केले हे मला कबूल करायला हवे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तेव्हा छातीवरचे ओझे खरोखरच नव्हते, आणि कित्येक वर्षांनी मी खिडकी उघडून नुसतीच उभी राहिले. पण तिसऱ्या डोसनंतरच्या दहाव्या दिवशी ते ओझे परत आले. एकदा हलके झाल्यानंतर पुन्हा खाली जाणे हे आधीच्या खाली असण्यापेक्षा फार वाईट होते, आणि त्या आठवड्यात मला माझीच भीती वाटली. मी त्याच रात्री आईला उठवून सांगितले आणि सकाळी आम्ही दोघी माझ्या डॉक्टरांकडे गेलो. ते रागावले नाहीत. ते एवढेच म्हणाले, “औषधाने तुम्हाला जागा करून दिली होती. त्या जागेत बसून काम करायला सोबत कोणी नव्हतं.”

काही महिन्यांनी मी जो उपचार घेतला त्यात ती सोबत होती. केटामाइनचा पहिला डोस मिळण्याआधी थेरपिस्टबरोबर माझ्या तीन बैठका झाल्या आणि डॉक्टरांनी स्वतंत्र तपासणी केली. रक्तदाब आटोक्यात आहे का, हृदयाचा काही त्रास आहे का, घरात कोणाला मनोविभ्रमाचा आजार झाला आहे का, गरोदरपण आहे का, कधी कोणत्या नशेची सवय होती का, असे सगळे विचारले गेले. झोपेच्या गोळ्यांचीही चौकशी झाली, कारण काही शामक गोळ्यांमुळे केटामाइनचा परिणाम बोथट होऊ शकतो. वारंवार आणि दीर्घकाळ घेतल्यास मूत्राशयाला इजा होऊ शकते आणि सवय लागू शकते, हेही त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले. ज्या केंद्रात हे प्रश्न विचारले जात नाहीत तिथून उठून यावे, असे मी आता कोणालाही सांगेन.

थेरपिस्ट बाईंनी तयारीच्या बैठकांत एक गोष्ट माझ्याकडून पक्की करून घेतली. औषधाचा अंमल असताना मला भीती वाटली तर त्यांनी हात धरलेला चालेल का, आणि चालेल तर कुठला हात, हे आधीच ठरवायचे होते, कारण त्या अवस्थेत दिलेली संमती खरी संमती नसते असे त्यांचे म्हणणे होते. मी डावा हात सांगितला. त्यांनी तो कागदावर लिहून घेतला. इतक्या छोट्या गोष्टीने मला रडू आले, आणि मला वाटते माझा उपचार तिथेच सुरू झाला.

चार आठवड्यांत सहा डोस ठरले होते. प्रत्येक वेळी काही तास उपाशी राहायचे, सोबत घरी नेणारे माणूस आणायचे, दुसऱ्या दिवसापर्यंत गाडी चालवायची नाही आणि कुठलाही मोठा निर्णय घ्यायचा नाही. डोळ्यांवर पट्टी, कानात शब्द नसलेले संगीत, दंडाला रक्तदाबाचा पट्टा. औषध सुरू झाल्यावर काही मिनिटांतच ओठ बधिर होत आणि आवाज लांबच्या खोलीतून आल्यासारखे वाटत. मग शरीर आणि मी यांच्यात अंतर पडत असे. ही विलगतेची अवस्था या औषधाच्या स्वभावातच आहे. मी झोपलेली नसे आणि बेशुद्धही नसे, पण ‘मी’ म्हणण्याची नेहमीची जागा सुटलेली असे.

पहिल्या डोसमध्ये फक्त रंग होते. दुसऱ्यात दार दिसले.

ते आमच्या दोन खोल्यांच्या मधले दार होते. अकरा वर्षे मी ती रात्र माझ्या पलंगावरून पाहत आले होते: अंधार, माझी झोप, आणि मग एकदम आईची हाक. या वेळी मी दाराच्या पलीकडे होते. फटीतून उजेडाची एक बारीक रेघ जमिनीवर पडली होती, खोकल्याचा आवाज कोणीतरी उशीत दाबत होते, आणि ताईचा हात दाराच्या कडीकडे जाऊन ते दार हळूच, आवाज न करता लोटत होता. कडीजवळचा रंग उडालेला तुकडा मला नखाएवढा स्पष्ट दिसला. मला भीती वाटली नाही. मला रडूही आले नाही. मी नुसते पाहत राहिले, आणि मला कोणी पाहायला लावत नव्हते.

तासाभराने मी उठून बसले तेव्हा मला पोटात ढवळत होते आणि बोलायचे शब्द सापडत नव्हते. बाईंनी बोलायचा आग्रह केला नाही. त्यांनी वही पुढे केली आणि मी वेड्यावाकड्या अक्षरात ‘दार तिने लावले’ एवढेच लिहिले.

खरे काम दुसऱ्या दिवशी झाले. या बैठकांना तिथे इंटिग्रेशन म्हणत, म्हणजे औषधाच्या अमलात जे आले ते रोजच्या जगण्याशी सांधून पाहणे. ती बैठक लगेच दुसऱ्या दिवशी का ठेवतात, हेही मी विचारले होते. नेहमीची बहुतेक नैराश्यरोधक औषधे सेरोटोनिनसारख्या रसायनांवर काम करतात, तर केटामाइन ग्लुटामेट या मेंदूतल्या दुसऱ्या रसायनाचा संदेश टिपणाऱ्या, चेतापेशींवरच्या एनएमडीए नावाच्या जागांना अडवते; 2010 मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत एका डोसनंतर दिवसभरात मेंदूच्या पुढच्या भागात चेतापेशींमधले नवे जोड तयार झालेले दिसले. माणसाच्या मेंदूतही तेच घडते असे कोणी छातीठोक सांगत नाही. पण डोसनंतरच्या त्या दिवसांत विचार जुन्या चाकोरीतून थोडे सुटलेले असतात, हे मी स्वतः अनुभवले. एरवी ‘मी झोपले होते’ या वाक्याशी येऊन माझे बोलणे थांबायचे. त्या दिवशी ते थांबले नाही.

मी उत्साहाने सांगितले की आता मला कळले, ताईने माझी झोप मोडू नये म्हणून स्वतःच दार लावले होते, म्हणून मला ऐकू आले नाही. बाईंनी पूर्ण ऐकून घेतले आणि मग म्हणाल्या, “तुम्हाला जे दिसलं ते महत्त्वाचं आहे. पण ती साक्ष नाही. औषधाच्या अमलात दिसलेल्या गोष्टीला आपण पुरावा मानायचं नाही.”

मला त्यांचा राग आला. सुटकेची एकच वाट सापडली होती आणि ती त्यांनी बंद केली, असे मला वाटले. आज मी त्यांची ऋणी आहे. त्यांनी मला त्या दृश्याचा निकाल लावू दिला नाही. त्याऐवजी विचारले की दार लावणारी ताई कशी होती, ती माझी काळजी कशी करायची, आणि तिच्या बाजूने त्या रात्रीकडे पाहायला मला इतकी वर्षे का जमले नव्हते. तेव्हा माझ्या लक्षात आले की माझ्या दुःखात ताई जवळजवळ नव्हतीच. तिथे फक्त माझा गुन्हा होता. ती चिडायची कशी, गाणे गुणगुणताना शेवटची ओळ नेहमी चुकायची कशी, हे मी कित्येक वर्षे आठवलेच नव्हते, कारण आठवण सुरू झाली की ती थेट त्या सकाळपाशी जायची. त्या तासात मी तिच्याविषयी एवढे बोलले की बाईंना दोनदा वेळेची आठवण करून द्यावी लागली.

तिसऱ्या आणि पाचव्या डोसमध्ये सांगण्यासारखे काही घडले नाही. चौथा डोस कठीण गेला. मला हात नाहीत असे वाटू लागले, रक्तदाब वाढला, आणि मी मरते आहे अशी माझी खात्री झाली. डॉक्टरांनी सलाइन थांबवले. थेरपिस्ट बाईंनी माझा डावा हात धरला, आणि मला हात आहे हे मला तिथून पुन्हा कळले. अंमल उतरायला साधारण तासभर लागला. त्या दिवशी आम्ही पुढचे दोन डोस घ्यायचे की नाही यावर बोललो नाही. तो निर्णय तीन दिवसांनी, पूर्ण शुद्धीत आणि डॉक्टरांबरोबर बसून घेतला. हे औषध घरी, एकट्याने घेण्याची कल्पना मला तेव्हापासून सहन होत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2023 मध्ये देखरेखीशिवाय घेतल्या जाणाऱ्या केटामाइनविषयी इशारा दिला होता. तो मी त्या दिवसानंतर वाचला आणि मला त्यातला शब्द न् शब्द पटला.

सहा डोस झाले. नंतर औषध थांबले. थेरपी थांबली नाही. दर आठवड्याची बैठक पुढे सात महिने चालली आणि आता ती पंधरा दिवसांनी होते. माझी एक नेहमीची गोळी चालू आहे. मधे दोन वाईट आठवडे येऊन गेले, आणि त्या वेळी पुन्हा डोस घ्यावा का, असा प्रश्न आला. डॉक्टरांनी थांबायला सांगितले आणि ते आठवडे गेले. एकाच माणसाच्या अनुभवावरून औषधाने किती केले आणि बोलण्याने किती केले हे ठरवता येत नाही, हे मला माहीत आहे. पण फक्त औषध घेतल्याचे ते दहा दिवस आणि हे सात महिने, दोन्ही मी जगले आहे.

थेरपीच्या पाचव्या महिन्यात मी आईला त्या दाराविषयी विचारले. आमच्या घरात त्या रात्रीविषयी कोणी कधी बोलले नव्हते, त्यामुळे प्रश्न विचारायला मला चार दिवस लागले. आई कपड्यांच्या घड्या घालत होती. तिचे हात थांबले.

“दाराचं मला आठवत नाही गं,” ती म्हणाली. मग बराच वेळ ती हातातल्या टॉवेलच्या कडा जुळवत राहिली. “मीही झोपलेच होते ना.”

अकरा वर्षांत हे माझ्या मनात एकदाही आले नव्हते. मी तिच्या हातातला टॉवेल घेतला आणि तिच्या शेजारी बसले. पुढच्या बैठकीत मी ताईविषयी काहीच बोलले नाही. पूर्ण तास आम्ही आईविषयी बोललो.