पॅगनिनी उलटा निघाला!

दोन आठवडे डोकं खाणारं कोडं काल रात्री सुटलं, तेही पेटीवर. कुठली चाल कुठून उचलली, हे दोन स्वरांमधल्या अंतरांवरून शोधणारी एक्सेल शीट मी बनवलीय. ‘समव्हेअर इन टाइम’ (1980) या चित्रपटात वाजणारी, संगीतकार रॅखमॅनिनॉफची अठरावी व्हेरिएशन (मूळ धून बदलून केलेला तुकडा) ती शीट काही केल्या व्हायोलिनवादक पॅगनिनीच्या मूळ धुनेशी जुळवत नव्हती. ‘रॅप्सडी ऑन अ थीम ऑफ पॅगनिनी’ ही 1934 ची रचना, नावातच पॅगनिनी, आणि साम्य शून्य! सूत्रं तपासली, स्वर पुन्हा उतरवले. ध्वनिफितीवरून आपोआप स्वर काढून देणारं ते पैसे भरून घेतलेलं सॉफ्टवेअरही लावून पाहिलं. त्याने पियानोची आस (मागे रेंगाळणारा नाद) स्वर म्हणून मोजली. पुन्हा नाव काढणार नाही. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये गती निम्मी करून कानाने उतरवलेलं बरं.

शेवटी शीट बंद केली आणि पेटी पुढे ओढली. पॅगनिनीची ओळ: सा, कोमल ग, रे, सा, प. अठरावीची: प ग म प सा. पहिली मायनर, तणतणणारी. दुसरी मेजर, अगदी मधाळ. आलटून पालटून वाजवताना कानाच्या आधी बोटांना कळलं. पहिलीत बोट वर गेलं की दुसरीत खाली! अर्धस्वरांत (पेटीवरच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर म्हणजे 1) मांडा: +3, −1, −2, +7. आणि दुसरी: −3, +1, +2, −7. नुसती चिन्हं बदललीत. मी एकटाच खोलीत हसत बसलो.

लगेच शीटमध्ये ‘उलट’ रकाना घातला आणि तिथेच फसलो. यादीत ‘डीएस इरे’ ही मृत्यूशी जोडलेली जुनी चर्चची धूनही आहे. तिची ओळखीची सुरुवात चारच स्वरांची: कोमल ग, रे, कोमल ग, सा. ती उचलल्याची, बर्लिओझची ‘सिंफनी फँटास्टिक’ (1830) आणि ‘द शायनिंग’ चित्रपटाच्या (1980) सुरुवातीचं संगीत ही खरी उदाहरणं. पण उलटं करून शोधलं, तर +1, −1, +3 जिथे तिथे सापडतंय. निम्मी यादी चोर ठरली. किमान पाच स्वरांची अट घातली, तर ‘डीएस इरे’च गळतं. रॅखमॅनिनॉफने ते याच रचनेत, सातव्या व्हेरिएशनमध्ये वापरलंय, म्हणजे गाळून चालणारच नाही.

मधल्या काळात एरिक कारमेनचं ‘ऑल बाय मायसेल्फ’ (1975) हे गाणं मात्र रॅखमॅनिनॉफच्याच दुसऱ्या पियानो कॉन्चेर्टोशी (पियानो आणि वाद्यवृंदासाठीची रचना) पहिल्या फटक्यात जुळलं. तेवढंच समाधान.

या महिन्यात संगीतकार बाखच्या रचना शीटमध्ये घेणार होतो. पण लिहिता लिहिता सुचलं: ‘डीएस इरे’ बहुतेकदा सारख्या लांबीच्या, संथ स्वरांत येतं. मग स्वरांतराशेजारी कालावधीचाही रकाना हवा. बाख थांबेल, आधी सगळी यादी मात्रा मोजत पुन्हा ऐकायची.