भज्याला टोपरं

ऑक्टोबरातली शनिवारची दुपार. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये आमच्या मागच्या गल्लीत गराज सेल होता, म्हणजे घरातल्या जुन्या वस्तूंची विक्री. गेलो होतो शिडीसाठी; ती कुणीतरी आधीच उचललेली. बुटांच्या खोक्यात मात्र हॅपी मीलची, म्हणजे मॅकडोनाल्ड्समध्ये मुलांच्या जेवणासोबत मिळणारी, जुनी खेळणी होती. पंचवीस सेंटांना एक, म्हणजे चार आणेच.

हाताला लागला मॅकनगेट बडी. नव्वदीच्या सुरुवातीला मॅकडोनाल्ड्सने हॅलोविनसाठी चक्क आपल्या चिकन नगेटांना भुताखेतांचे कपडे चढवले होते. एक ममी, एक चेटकीण, आणि हा ड्रॅक्युला. कपडे सुटे निघतात, एकाचे दुसऱ्याला होतात. ज्याला आपण चावायचं त्यालाच रक्तपिपासूचा वेष! हे ज्याला सुचलं त्याला माझा दंडवत. लोक हॅपी मीलच्या १९८६ मधल्या भोपळातोंड्या बादल्यांना जास्त मानतात. त्यांची नावं मॅकबू, मॅकपंकिन, मॅकगॉब्लिन. २०२२ मध्ये त्या परत आणल्या तेव्हाही काय कौतुक. पण भोपळा बापडा कुणाचं काय करणार?

सीलबंद पिशवीतलं भूत मी घेत नाही. जन्मात कुणाला घाबरवलेलं नसतं ते. याच्या कडेला तर कुणाच्या तरी दुधाच्या दातांचे दोन ठसे आहेत. लगेच घेतला.

सांगलीला आमच्याकडे बिनाका टूथपेस्ट यायची. खोक्यात प्लॅस्टिकचा एक प्राणी. पण जुनी ट्यूब संपल्याशिवाय नवी नाही, आणि आई ती लाटण्याने दाबून दाबून पुरवायची. एकदा मी आणि धाकट्याने अर्धी ट्यूब मोरीत पिळली. ती काही वाहून जाईना. पाणी ओतावं तसा फेस वर येई. आधी धपाटे, मग आठवडाभर राखुंडी. नव्या खोक्यातून निघाला हत्ती. तिसरा.

भुतांना मात्र तेव्हा पैसे पडत नसत. पिंपळावर मुंजा होता, विहिरीवर हडळ होती, आणि दोघांचीही खात्री देणारी आजी घरातच होती.

संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर आईला ड्रॅक्युला दाखवला. तिने चष्मा लावला.

"भज्याला टोपरं कशाला घातलंयस रे?"

"भूत आहे ते, आई."

"होय? मग पाय उलटे आहेत का बघ."

फोन ठेवल्यावर मी खरंच उलटून पाहिलं. बुडाला 'चायना' लिहिलं होतं.