टोटल नॉर्मल होता

सेलू तालुक्यातल्या एका लॅबमध्ये मी 17 वर्षं रक्ताच्या स्लाइडी बघतोय. डिसेंबरात एका खेड्यातून आजी आणि नातू एकाच जीपने आले. खोकला दोघांनाही. नातू विशीतला, तापाने फणफणलेला. आजी पंच्याहत्तरीच्या पुढची, अंग गारच. सोबत आलेला आजीचा मुलगा म्हणाला, "मायला ताप नाही सर, नुसती बरळायली. आलोच तर तिचंबी रगत बघा."

मशीनने नातवाचा टोटल काउंट, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा आकडा, 19,200 दाखवला, आजीचा 8,100, म्हणजे नॉर्मल. प्रिंट काढली, सही ठोकली, देऊन टाकली. आजीची स्लाइड तेव्हा रॅकवर वाळत होती.

आमचं थ्री-पार्ट मशीन पेशींचा आकार मोजतं, पेशी बघत नाही. स्लाइडवर लीशमनचा रंग दोन मिनिटं, मग त्याच्या दुप्पट बफरचं पाणी, आठ मिनिटं, शेवटी पाण्याच्या बारीक धारेखाली धुवायचं. यात मी कधी घाई केलेली नाही. घाई केली ती सहीत.

ऑइल लेन्सखाली 100 पांढऱ्या पेशी मोजल्या. त्यातल्या 22 बँड फॉर्म, म्हणजे केंद्रकाला अजून फोडी न पडलेले कच्चे न्यूट्रोफिल, जंतूंवर आधी धावून जाणाऱ्या पांढऱ्या पेशी. पिकल्यांच्या पोटातही काळपट जांभळे दाणे. लिम्फोसाइट, म्हणजे पांढऱ्या पेशींचा दुसरा प्रकार, जेमतेम 8. घरातलं धान्य संपलं म्हणून हिरवीच तूर खुडून आणावी, तसं तिच्या हाडातल्या मज्जेचं झालं होतं. टोटल नॉर्मल होता, कारण तो वाढवायला गाठीशी काही उरलंच नव्हतं.

फॉर्मवरच्या नंबरवर फोन लावला. जीप फाट्यावर पोचली होती, तिथूनच परभणीला वळवली. एक्स-रेत न्यूमोनिया निघाला. टोटल बघून 'व्हायरल' लिहून मोकळे होणारे डॉक्टर इकडे काही कमी नाहीत. पण त्या कागदावर सही माझी होती.

नातू आठव्या दिवशी मोटारसायकलवर आला, काउंट 7,900. आजी दहा दिवसांनी घरी आली खरी, पण तिसऱ्या आठवड्यातही लिम्फोसाइट 12 टक्के आणि सीआरपी, म्हणजे अंगातली सूज दाखवणारा आकडा, 34. तो 6च्या आत हवा.

"दोघांची बिमारी एकच, मग मायलाच असं काहून?" मुलाने विचारलं. मी सांगितलं: छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते, टी पेशी, म्हणजे लिम्फोसाइटचाच एक प्रकार, तिथे तयार होऊन बाहेर पडतात. वयात आल्यापासूनच ती आक्रसत जाते, तिच्यात चरबी भरते. म्हातारपणी नव्या पेशी फार थोड्या, जुन्यांवरच भागवायचं. त्यात जंतू मेले तरी अंगातली सूज धुमसत राहते.

तो जरा वेळ गप्प बसला. "म्हंजे मजूरच मिळंनात."

आता साठीच्या पुढच्या कुणाचीही प्रिंट स्लाइड बघितल्याशिवाय देत नाही. पेशंट ताटकळतात म्हणून मालक कुरकुरतात. कुरकुरू देत.

गेल्या सोमवारी आजीचा सहावा आठवडा होता. शीर सापडेना, दोनदा टोचावं लागलं. "आजूक किती रगत काढतूस रे लेकरा?" म्हणाली, आणि दुसरा हात पुढे केला. लिम्फोसाइट 16.