अठ्ठावीस युगं रखुमाईनेही काढलीच की

आषाढी जवळ आली की अरुण कोलटकरांची 'वामांगी' ही कविता व्हॉट्सअॅपवर फिरायला लागते, बरेचदा कवीचं नावच उडालेलं असतं, त्याचं फार वाईट वाटतं. तर ती 'चिरीमिरी' (२००३) या कवितासंग्रहातली आहे.

कवितेतला माणूस देवळात जातो आणि विठ्ठल जागेवर नाहीच, रखुमाईशेजारी नुसती वीट. बरं, रखुमाई तर रखुमाई म्हणत तो तिच्याच पायावर डोकं ठेवतो आणि सहज विचारतो, विठू कुठे गेला? तिला पत्ताच नाही! मान दगडाची, वळत नाही, तो शेजारीच आहे असं धरून ती समोर बघत उभी.

आपण लहानपणापासून टाळ्या वाजवत 'युगे अठ्ठावीस' म्हणतो ना, त्यातलं उभं राहणं कायम त्याचंच, ती बाजूला शोभेला. तिची पण अठ्ठावीस युगंच झाली हे मला ही कविता वाचेपर्यंत कधी सुचलंच नव्हतं. आणि खुद्द पंढरपुरात तर ती 'वामांगी', म्हणजे त्याच्या डावीकडे, नाहीचे, तिचं देऊळ मागे वेगळं आहे, रुसून दिंडीरवनात निघून गेली होती अशी गोष्ट सांगतात. म्हणजे आरतीतली जोडी प्रत्यक्षात वेगळीच राहते, आणि आषाढी-कार्तिकीला एवढी माणसं येतात तर मला कुणीच कसं सांगितलं नाही असं ती विचारते तेव्हा तो प्रश्न देवाला नसतो, आपल्याला असतो.

आजच्या कवींना श्रद्धा नाही असं कुणी म्हटलं की मला राग येतो. 'अरे विठ्या विठ्या' म्हणत जनाबाईने शिव्या घातल्या, तुकोबा 'माझे लेखी देव मेला' म्हणून मोकळे झाले, आणि ही माणसं कोलटकरांची चांगली ओळखीची, जनाबाईचे अभंग त्यांनी इंग्रजीत नेलेत. त्यांच्या 'जेजुरी' या इंग्रजी कवितासंग्रहात (१९७६) मुख्य देवळाबाहेरचा यशवंतराव नावाचा देव आहे, स्वतःला हात नाहीत पाय नाहीत डोकं नाही, पण दुसऱ्यांचे हातपाय जोडून देणारा, एवढ्या मायेने देवाकडे बघायला जवळीकच लागते.

'वामांगी' मनातल्या मनात वाचू नका, घरात मोठ्याने वाचा, आईला नाहीतर आजीला बसवून, रखुमाई जे बोलते ते त्यांना पहिल्या झटक्यात कळतं.