सासूबाई, गॉगल आणि कासची ओली फुलं

साताऱ्यात तीन दिवस होतो. सज्जनगड झाला, ठोसेघरचा धबधबा धुक्यात नुसता ऐकला, कंदी पेढे नको इतके खाल्ले. लिहायचंय ते मात्र कासच्या अर्ध्या तासाबद्दल.

रविवारी कासला जाऊ नका असं सगळे सांगतात. आम्ही रविवारीच गेलो. जिकडे बघावं तिकडे सेल्फीसाठी वर केलेले हात. सर नुकतीच ओसरली होती, तेरडा-सोनकी निथळत होती आणि माझ्या फोटोंत सगळं पांढुरकं येत होतं. वैतागून गॉगल डोक्यावर सरकवला, तर सासूबाईंनी तो काढून स्वतःच लावला.

"अगं, यातनं फुलं कोरडी दिसतात!" मग मान कलती करून, "आणि अशी बघितली की परत ओली!"

पुढची दहा मिनिटं त्यांचं हेच. एका मुलीने काळजीने विचारलं, "आजींना चक्कर येतेय का?"

गॉगल पोलराइज्ड होता, गाडी चालवायला घेतलेला. ओल्या पानावरून, पाकळीवरून आभाळाचा उजेड परावर्तित होतो तेव्हा तो बराचसा ध्रुवित होतो, म्हणजे त्याचं कंपन एकाच दिशेत उरतं. आडव्या पानावरून आला तर त्याचं कंपनही आडवं. नेमकं तेच गॉगल अडवतो. चकाकीचा पांढरा पापुद्रा निघतो, खालचा गडद रंग उरतो. मान कलली की चकाकी परत हजर.

काही फुलपाखरांना हा गॉगल जन्मजात आहे, आणि काढायची सोय नाही. ऑस्ट्रेलियातल्या पॅपिलिओ एजिअस या फुलपाखरावर संशोधक अल्मुट केल्बर यांनी प्रयोग केले, १९९९ साली ते छापून आले. अंडी घालायची जागा ही फुलपाखरं रंगावरून निवडतात, पण ध्रुवणाची दिशा बदलली की निवडही बदलते. रंग आणि ध्रुवण त्यांना वेगळं काढताच येत नाही. एकाच झाडाची पानं, पण जसा कोन तसा हिरवा!

मधमाशी यातून सुटलीय. डोळ्याच्या वरच्या कडेने ती आभाळातलं ध्रुवण वाचून दिशा ठरवते. बाकीच्या डोळ्यातल्या प्रकाशग्राही पेशींना मात्र सुंभासारखा पीळ असतो. त्यात ध्रुवणाची दिशा पुसली जाते, फुलाचा रंग जागेवर राहतो. मला हा पीळ फार आवडला.

परतताना यवतेश्वरच्या घाटात नीलवंत दिसलं. आपलं राज्य फुलपाखरू, तेही पॅपिलिओच. गाडी थांबवायला लावून सासूबाईंनी मान वाकडी केली. गॉगल अजून त्यांच्याकडेच आहे.